गोमुखाची रेघ

आमची लाकडाची वखार लोधिवलीच्या अलीकडे, पुण्याच्या रस्त्याला लागून होती. तिथे तेलाच्या इंजिनावर चालणारी गोल करवत होती. लोखंडी टेबलाच्या फटीतून तिचं अर्धं पातं वर आलेलं असे. मी शेजारच्या खोलीत वाचत बसे. आत उभा काप चालला आहे की आडवा, ते मला आवाजावरून कळे. उभ्याचा आवाज लांबत जाई, आडवा चटकन संपे.

करवतीवर माझे यजमान स्वतः उभे राहत. ऐनाचं ओलं लाकूड उभं चिरताना चीर मागून मिटते आणि पात्याला आवळते. मग पातं ती फळी उचलून चिरणाऱ्याच्याच अंगावर फेकतं. म्हणून चिरेत लाकडी पाचर बसवायची आणि शेवटची वीतभर फळी काठीने ढकलायची, असा ह्यांचा शिरस्ता. आडवा काप घेताना फळी टेकवायची बाजूची लांब पट्टी आधी दूर सारायची, नाहीतर तुटलेला तुकडा मध्ये अडकून उडतो. ह्या सगळ्यांहून मोठा नियम एकच होता, पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. त्यासाठी ह्यांनी टेबलापासून भिंतीपर्यंत जमिनीवर चुन्याची रेघ ओढली होती.

"ही कशाला?" मी विचारलं होतं.

"शंकराच्या देवळात गोमुख ओलांडतेस का?"

"नाही. मागे फिरते."

"तसंच हे."

पलीकडून फळी ओढणारा गडी डोंगरवाडीतला, वयाने ह्यांच्याहून मोठा. तो हसला. "मालक, मंग हिला बेल वाहू का?"

"वाहा की. पण बाजूनं."

त्या खंडेनवमीला दहिवलीहून नातलग आले होते. पाटावर हत्यारं मांडली, हळदकुंकू झालं. पाचर आणि काठीही त्याच पाटावर होती. पूजा हलवेपर्यंत पाटावरचं काही उचलायचं नाही, ही चाल. करवत मात्र जागची निघत नाही, म्हणून तिची पूजा तिथेच करायची आणि आरतीनंतर मुहूर्ताचा एक काप घ्यायचा. ह्यांनी सगळ्यांना रेघेवरून हटवलं. पाहुणे दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभे राहिले. मोकळी उरली ती रेघच. आरतीला हे तिथे उभे राहिले आणि इंजिन सुरू झाल्यावरही तिथेच राहिले. हार घातलेली फळी पुढे सरकली. चिरेत पाचर नव्हती.

फळी उलटी उडून ह्यांच्या पोटात बसली. कर्जतच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडी पोचली नाही. दहिवली यायच्या आधीच सगळं संपलं.

पुढचे महिने मी खोलीबाहेर पडले नाही. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येई. फळी ओढणारा तोच गडी दिरांना सांगत होता, "यंत्राला रगत लागतं, धाकलं मालक. बोकड दिला नाय, म्हून तिनं माणूस घेतला. या टायमाला द्या, मंग भ्या नाय."

करवतीवर आता दीर उभे राहत. जमीन सारवताना रेघ पुसली गेली होती, ती कोणी पुन्हा ओढली नव्हती. बोकड दिल्यावर माणूस निर्धास्त होईल आणि निर्धास्त माणूस कुठे उभा राहील, हे मला दिसत होतं. घरात एवढा एकच पुरुष उरला होता.

पुन्हा नवमी आली. पहाटे मी चुना कालवला आणि रेघ ओढली. नंतर माझ्या खोलीच्या दारात उभी राहिले. पूजेत माझ्यासारखीने बोलायचं नसतं, पण मी बोलले.

"भावोजी, पाचर आणि काठी पाटावर ठेवू नका. आणि आरती बाजूने करा."

भटजी वळले. "देवाला कुशीकडून ओवाळायचं? हे कुठलं शास्त्र, वहिनी?"

"शंकराला अर्धी प्रदक्षिणा चालते, तेच."

मग दिरांनी वाकून पाटावरची काठी आणि पाचर उचलली, पाचरीवरचं फूल काढून ठेवलं आणि ते रेघेच्या डावीकडे सरकले. आरती तिथूनच झाली. इंजिन सुरू झालं, पातं फिरू लागलं. कोणीतरी नारळ फोडला. त्याची एक वाटी घरंगळत गेली आणि रेघेवर थांबली. भटजी उचलायला वाकले, तोच त्या गड्याने त्यांचं उपरणं धरलं.

"ऱ्हाऊ द्या, भटजीबुवा. रेघंवर हाय ती."

उभा काप पूर्ण झाला. मी आवाज शेवटपर्यंत ऐकला. पातं थांबल्यावर त्या गड्यानेच जाऊन ती वाटी उचलली आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.