सशाचा कापूस

पहिलीच्या पोरांना सशाचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं आणि घरून थोडा कापूस आणायला सांगून बसलो. अकोल्यात कापसाला काय तोटा, असं वाटलं. सगळा कापूस केव्हाच जिनिंगच्या कारखान्यात गेला होता, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांनी पुठ्ठ्यावर खळीनं कापूस चिकटवून गुबगुबीत ससे केले. मी खुशीत होतो. तेवढ्यात एका पोराची आई उशीची रिकामी खोळ घेऊन दारात आली.

“गुरुजी, उशी फाडली यानं. याची आजी डोकं कशावर ठेवन?”

मी तिला तिच्या लेकाचा ससा दाखवला. तिला हसू आलं. संध्याकाळी माझी उशी आणून देतो, म्हणालो.

“आणा. पोरगं लहान हाये, त्याले अक्कल नसन. तुमाले काहून नाही?”