कढईचा स्तूप

अमेरिकेत सहावीच्या पोरांना इतिहास खायला घालून शिकवतात. २००६ साल असेल, आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहत होतो आणि माझ्या मुलीच्या वर्गात प्राचीन संस्कृतींचा धडा सुरू झाला होता. कुणी साखरेच्या क्यूब्सचा पिरॅमिड रचत होतं, कुणी ब्राउनीचं बाबिलोन. हजारो वर्षं टिकलेल्या वास्तू पोरं डब्याच्या सुट्टीत फस्त करत होती. इजिप्तच्या कोल्ह्याच्या तोंडाच्या देवाची, मांजराच्या देवीची मनसोक्त टिंगल चालायची, कारण त्यांचे भक्त आता पालकसभेला येत नाहीत. भारताचं तसं नव्हतं. भारताचे भक्त मिनीव्हॅन घेऊन येतात.

म्हणून वर्गाच्या बाईंनी भारत सरळ आमच्याकडे ढकलला. माझी मुलगी आणि चार घरं सोडून राहणाऱ्या पुण्याच्या कुटुंबातला मुलगा, अशी जोडी लावली आणि म्हणाल्या, तुम्ही तर एक्स्पर्ट! आमच्या एक्स्पर्टला भारत म्हणजे नागपूरच्या आजीचा कूलर आणि डास, एवढाच ठाऊक.

त्या रात्री ती जेवताना पुस्तक घेऊन बसली. भारताच्या पानावरही एक पिरॅमिड होता. दगडांचा नव्हे, माणसांचा. वर पुजारी, खाली राजे, मग व्यापारी, मग शेवटचा मजला.

"आई, विच वन आर वी?"

नवऱ्याच्या घशात वरणभात अडकला. कोडमधला बग तो झोपेतही शोधतो, पण अशा प्रश्नांना त्याला लगेच तहान लागते.

"आपण त्यात नाहीच," मी म्हणाले. "आपण पार्किंग लॉटमध्ये."

ती खो खो हसली. मग थांबून म्हणाली, "नो, सीरियसली."

मग सांगितलं. गावच्या देवळाचा सभामंडप बांधला तेव्हा माझे आजोबा दगड वाहायला होते. दगड आत गेले, आजोबा बाहेर राहिले. देव बसला त्या दिवशी त्यांनी रस्त्यावरून हात जोडले. पुढे त्यांनी दीक्षा घेतली, आमचं घर बौद्ध झालं, आणि त्यानंतर आजोबा मुद्दाम त्या देवळाकडे पाठ करून बसत आणि तंबाखू मळत. काय ऐट असायची त्या मळण्यात!  मुलगी पुस्तक मिटून ताट घासायला गेली, हेच मोठं आश्चर्य होतं.

मला धास्ती होती ती प्रदर्शनाची. पालक येणार, आणि पुस्तकातलं ते चित्र मोठं करून टेबलावर लावणं सक्तीचं होतं. भारतीय पोरगी उभी दिसली की कुणीतरी विचारणारच, बाळा, तू यातली कोणती? आणि ती खाली बघेल. मी आयुष्यभर बघत आले आहे. आडनाव सांगितलं की समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणून एकदम फार सभ्य होतो, आणि आपल्याला आपल्याच चपला निरखाव्याशा वाटतात. माझ्या चपला मला तोंडपाठ आहेत. तिच्यावर ती पाळी येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

त्या मुलाची आई म्हणजे माझ्या मुलीच्या तोंडी "काकू". बाई वाईट नव्हती. पहिल्याच भेटीत त्यांनी "मूळचे कुठले तुम्ही?" पासून सुरुवात करून आडनावापर्यंत मजल मारली होती आणि त्या दिवसापासून मला "अहो" म्हणत होत्या. कॉलनीतल्या बाकी सगळ्या मराठी बायका त्यांच्या "अगं" होत्या. इतका मान मला सासरीही मिळाला नाही.

प्रोजेक्ट ठरवायला त्या आमच्या गराजमध्ये आल्या. "मंदिरच करू या. कळस, गाभारा, उघडझाप होणारं दार. गणपतीच्या मखराचं थर्माकोल पडलंय आमच्याकडे."

"आय वॉन्ट द स्तूप," माझी मुलगी म्हणाली.

"अगं राणी, स्तूपात काय बघायचं? नुसता घुमट. त्याला आतच नसतं!"

मुलगी हाताची घडी घालून उभी राहिली.  शेवटी तह झाला: टेबल एक, वास्तू दोन.

स्तूपासाठी शाळेनं कृती दिली होती. मैदा, मीठ, पाणी, बस्स. हा गोळा उलट्या कढईवर थापायचा आणि कडक होऊ द्यायचा. आमच्या घरी कणीक नवरा भिजवतो. त्यानं मैद्याऐवजी कणीक घेतली, मीठ घातलं आणि हात सवयीनं तेलाच्या बुधल्याकडे गेला. वरून तिंबलीही अशी की पोळीला पदर सुटावेत.

"अहो, तेल कशाला?"

"मग काय, बिनतेलाची कणीक मळायला मी अमेरिकन आहे?"

स्तूप वाळलाच नाही. रोज बोट लावून बघावं तर लोण्यासारखा मऊ. प्रदर्शनाच्या सकाळी शाळेच्या वळणावर गाडी वळली आणि अख्खा घुमट घसरून मागच्या सीटवर बसला, सीटबेल्ट न लावता. उरली माझ्या आईची काळी लोखंडी कढई, मी नागपूरहून कपड्यांत गुंडाळून आणलेली. मी हळहळले, नवरा ओशाळला. मुलीनं कढई शर्टाला पुसली, वर कॉकटेलच्या कागदी छत्र्या चिकटवल्या, भोवती आइस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण केलं. "इट्स फाइन," म्हणाली. "स्तूप म्हणजे उलटं ठेवलेलं भिक्षापात्रच, असंही म्हणतात. मी वाचलंय."

शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, टेबलं भिंतीला लावली होती. शेजारी त्या मुलाचं देऊळ, पांढरंशुभ्र, दाराला खरी कडी. आणि आमची कढई. मुलीनं टेबल धरलं आणि कर्कश आवाज करत मध्यभागी ओढलं. वर्गाच्या बाई धावत आल्या. "सगळीकडून फिरता आलं पाहिजे," तिनं त्यांना इंग्रजीत ठणकावलं, "नाहीतर तो स्तूप नाही."

कुणाचे तरी आजोबा आले, टोपीवाले, प्रेमळ. देऊळ बघितलं, कढई बघितली, मग मोठ्या केलेल्या चित्रावर बोट ठेवलं. तू यातली कोणती, स्वीटहार्ट?

काकू माझ्या बाजूला चिवड्याची प्लेट घेऊन उभ्या होत्या. त्यांचा घास थांबला. 

मुलीनं खाली बघितलं नाही. इंग्रजीतच म्हणाली, "यातली कोणतीच नाही. माझ्या आईच्या आजोबांनी असं एक बांधायला दगड वाहिले होते," तिनं देवळाकडे हात केला, "पण त्यांना आत येऊ दिलं नाही. म्हणून आम्ही हे घेतलं." तिनं कढईवर थाप मारली. "याला आत नसतंच. त्यामुळे कुणाला बाहेर उभं राहावं लागत नाही. तुम्ही फक्त गोल फिरायचं."

"वेल," म्हणत म्हातारबुवा फिरायला लागले. मी रडत होते आणि मला ते पुसायचं नव्हतं. माझ्या आजोबांसारखी तंबाखू मळता आली असती तर तिथेच मळली असती.

 काकू एकदम कढईभोवती फिरायला निघाल्या. दर शनिवारी मारुतीला प्रदक्षिणा घालणारी बाई, पण इतकी गडबडली की उलट्या बाजूनं चालू लागली आणि म्हातारबुवांवर आदळता आदळता वाचली.

मुलीनं त्यांचं कोपर धरलं. "काकू, राँग वे."

काकू वळल्या. हातातली प्लेट माझ्यापुढे करत म्हणाल्या, "धर गं जरा."