चार पाय आणि एक टेक्निकल माणूस

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन माणसं आणि एक बिघडणारं मशीन एका डब्यात कोंडा, ते आपोआप साठतात. डबा जिल्हाभर फिरणारा असेल तर मग विचारूच नका! माझ्याकडे इतके साठलेत की मैत्रिणी म्हणतात, "सुजाता, तू हे हसवायला सांगतेस की भांडायला?" भांडायला! तुम्हाला हसू येतं, कारण उन्हात डब्याखाली आडवं पडून लोखंडी हँडल तुम्ही फिरवलेलं नाही.

आमचा डबा म्हणजे दातांचा फिरता दवाखाना. पिकअपच्या मागे जोडलेला ट्रेलर. आत खुर्ची, ड्रिल, दिवा आणि डॉक्टर मॅडम. मुळात हा ट्रेलर हौशी लोकांनी सहलीला न्यावा, त्यात झोपावं, म्हणून बनवलेला. मोठ्या शहरातल्या एका संस्थेने तो घेतला, त्याचा दवाखाना केला आणि आमच्या हिंगोली जिल्ह्यात पाठवून दिला. त्याच्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय आहेत, त्यांना जॅक म्हणतात. गावात पोचलं की बटण दाबायचं, मोटर फिरते, पाय जमिनीला टेकतात आणि डबा हलायचा थांबतो. पाय नाही टेकले तर कुणी नुसतं पायरीवर चढलं तरी अख्खा डबा डुलतो. आणि मॅडमचं ड्रिल त्या वेळी कुणाच्या तरी दाढेत असतं!

हे चार पाय सांभाळणं माझं काम. मी आयटीआय केलेली इलेक्ट्रिशियन आहे. तरी पाय जरा अडकला की हेड ऑफिसातून ठरलेलं वाक्य येतं, "तिथे एखादा टेक्निकल माणूस ठेवावा लागेल." म्हणजे मी घरी बसायचं. ही धमकी लक्षात ठेवा, म्हणजे मी एवढी का तापते ते कळेल.

* * *

पहिलं गाव कुरुंदा. आम्ही पोचलो तर सरपंचांनी जागा ठरवून ठेवलेली. चांगलं टणक मैदान सोडून रस्त्याकडेच्या हळदीच्या वावरात, कालच पाणी दिलेल्या काळ्या मातीत! का? तर मागे त्यांच्या नावाचा बोर्ड होता, तो फोटोत यायला पाहिजे.

मी म्हटलं, "इथं पाय रुततील. मैदानात घ्या."

सरपंच आमच्या ड्रायव्हरकडे, शेषरावांकडे वळून म्हणाले, "तुमचा मेकॅनिक कुठं हाय? त्याला इचारा."

शेषराव म्हणाले, "ह्याच हायत की मेकॅनिक."

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, ट्रेलरच्या पलीकडेही पाहून घेतलं. "न्हाई, ते बराबर हाय. पण माणूस कुठं हाय?"

बटण दाबलं. चारही पाय वीतभर मातीत गेले. पायाखाली घालायला फळ्या द्या, मी म्हटलं, तर फळ्या नाहीत. शेवटी शेजारच्या घरातल्या काकूंनी जेवायला बसायचे चार पाट आणून दिले. मी पायाखाली पाट सरकवले, डबा स्थिर झाला. काकू परत आत गेल्या, हळदकुंकू घेऊन आल्या आणि चारही पायांना बोटं लावली.

"अवो काकू, हे काहून?" शेषराव म्हणाले.

"पाटावर बसला म्हंजी पाव्हणाच झाला की!"

संध्याकाळपर्यंत दोन पाटांना तडा गेला. सरपंच म्हणाले, "बाईनं बराबर लावले न्हाईत!" बोर्ड मात्र फोटोत छान आला होता.

* * *

हे पाय डबा स्थिर ठेवायला असतात, उचलायला नसतात. ही गोष्ट मी शेषरावांना इतक्या वेळा सांगितली आहे की ती त्यांच्या नातवंडांनाही पाठ असेल.

एकदा लेकराची परीक्षा म्हणून मी एक दिवस रजा घेतली. त्याच दिवशी ट्रेलरचं टायर पंक्चर झालं. शेषरावांनी टायर बदलायचा वेगळा जॅक काढलाच नाही, बटण दाबून ट्रेलरच्याच पायावर अख्खा डबा उचलायला लागले. पाय वाकला. दुसऱ्या दिवशी मी येऊन पाहते तर पायाला गुडघा फुटलेला!

"शेषरावभाऊ, हे काय केलंत?"

"बाई, नावच जॅक हाय ना? जॅकनं उचलायचं न्हाई तर काय आरती करायची?"

नवा पाय आला आणि मागोमाग ऑफिसचा मेल : 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे नुकसान.' मी कळवलं की त्या दिवशी मी रजेवर होते. उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही रजेवर गेलात म्हणूनच झालं ना?"

डोकं फिरतं की नाही, सांगा!

* * *

पुसेगावला मागचा डावा पाय कुरकुरायला लागला. त्याच्या आट्यांवर कोरडा स्प्रे मारायचा असतो. ग्रीस लावलं की धूळ चिकटते आणि आटे जाम होतात. मी डब्यातून स्प्रे आणायला गेले, तेवढ्यात शेजारच्या गॅरेजवाल्याने भाकरीवर लोणी थापावं तसं बोटभर ग्रीस थापून दिलं होतं.

मी ओरडले. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शेषरावांना म्हणाला, "बाईला सांगा, ग्रीसबिगर कोणती मशीन चालती?"

मी समोर उभी! दोन हात लांब!

दोन गावं फिरून झाली आणि पायाचा गोळा झाला, माती आणि ग्रीस यांचं घट्ट पिठलं. मी डिझेलची वाटी घेतली, मुलांना वाटायला आणलेले टूथब्रश घेतले आणि घासत बसले. सात ब्रश गेले, पण पाय लखलखला. रांगेतला एक म्हातारा कधीपासून उकिडवा बसून बघत होता.

"बाई, ह्या बुरशानं लोखंड चकचकीत निघालं. मंग माझे दात काहून निघंनात?"

"आबा, तुम्ही रोज घासता का?"

"मी काहून घासू? तुमचा पाय काय स्वतः घासतो का?"

त्या दिवसात मी हसले ते एवढंच.

* * *

मग एक दिवस बटण दाबलं आणि चारही पाय गप्प! नुसती टिकटिक. मी ऑफिसला फोन लावला.

"मॅडम, तिथे कुणी जेंट्स आहेत का? त्यांना फोन द्या, टेक्निकल बोलायचं आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेषराव चहाला गेलेले. पायरीवर एक गुरुजी बसले होते. मॅडमनी नुकतंच त्यांना दाढेसाठी भुलीचं इंजेक्शन दिलेलं, अर्धं तोंड लोंबत होतं. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

"बोला गुरुजी, साहेब विचारतायत."

गुरुजी भले माणूस. त्यांनी मनापासून सांगितलं, "ब्वा... आव्वा... ळळ... भ्वा."

पलीकडून आवाज आला, "ओके सर. आय सी. आणि मोटर?"

"म्व्वा... वूळळ."

"राइट सर, लक्षात आलं. थँक यू सर."

अर्ध्या तासात मेल आला : 'साइटवरील तज्ज्ञ व्यक्तीशी सविस्तर चर्चा झाली. चारही मोटर निकामी असण्याची शक्यता.'

मी उलट लिहिलं की चार मोटरी एकाच दिवशी मरत नाहीत; चौघींची अर्थिंगची वायर एकाच बोल्टला आहे, तो उघडून बघते. उत्तर ताबडतोब आलं. कशालाही हात लावायचा नाही, वॉरंटी जाईल, आमचा टेक्निकल माणूस येतोय. तो म्हणेल तर ट्रेलर परत न्यायचा आणि तुमचं काय ते नंतर ठरवू.

तो माणूस यायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे मी गावोगाव जमिनीवर आडवी पडून हँडलने पाय खाली-वर करत होते. खांदा कामातून गेला. मॅडम रोज म्हणायच्या, "सुजाता, उघडून टाक तो बोल्ट." नाही उघडला. नोकरी होती ती.

* * *

ऑफिसचे टेक्निकल साहेब आले जवळा बाजारला, नेमके बाजारच्या दिवशी. सोयाबीन-कापसाच्या गाड्या, माणसांची ही गर्दी, रांगेत पन्नासेक पेशंट. साहेबांनी मीटर काढलं, बॅटरी तपासली, बटणापाशी तपासलं. करंट येतोय. म्हणजे मोटर गेल्या!

"चारही?" मी विचारलं.

"मॅडम, जरा बाजूला उभ्या राहा."

ते सावलीतल्या खुर्चीत बसून ऑफिसला फोन लावायला गेले, ट्रेलर उद्या परत पाठवतो म्हणून सांगायला. रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मॅडम दारात आल्या, हातमोजे घातलेलेच.

गेली ती वॉरंटी! मी खाली घुसले. एक वायर घेतली, बॅटरीच्या मायनसपासून सरळ मोटरच्या अंगाला टेकवली आणि शेषरावांना म्हटलं, "दाबा बटण." पाय सर्रकन खाली आला. मोटर ठणठणीत! पुढच्या पायाजवळचा तो बोल्ट उघडला. हिरवागार, गंजाने खाल्लेला. वर खोबऱ्याचा तुकडा, कुंकू, उदबत्तीची काडी. गावोगाव डबा आला की लोक नारळ फोडतात. चाक पत्र्यात झाकलेलं, म्हणून फोडतात पायावर. आणि सगळं पाणी बरोबर ह्या बोल्टवर! पॉलिश पेपरने तो चकचकीत केला, आवळला. बाहेर आले आणि बटण दाबलं. चारही पाय एका दमात टेकले.

बाजारात टाळ्या पडल्या. तिथले सरपंच धावत आले, हातात शाल, हार आणि नारळ. माझ्यासमोरून सरळ सावलीत गेले.

"साहेब, तीन आठवड्याची तकलीफ तुमी तासाभरात काढली!"

साहेब उठले, मान झुकवून हार घालून घेतला. शाल घेतली. एक पोरगा नारळ घेऊन त्याच पायाकडे निघाला, मी आडवी उभी राहिले. "इथं फोडलास तर बघ!" तो घाबरून रस्त्याकडेच्या दगडाकडे गेला.

साहेब फोनवर बोलत होते. "हो, झालं. राहू दे ट्रेलर. पण इथे टेक्निकल माणूस लागेलच, आज मी होतो म्हणून निभावलं."

माझ्या कपाळाला काळं, हाताला काळं, केसात माती. रडू येत नव्हतं, राग येत होता. इतका की पाना हातात तसाच धरून मी उभी होते.

रांगेत पहिली एक आजी होती, गाल सुजलेला. तिने माझा हात ओढला.

"बाई, मघापासून आयकून राहिले म्या. दात बी हेच साहेब काढतेत काय?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते शाल सारखी करत होते.

"व्हय आजी," मी म्हटलं. "इथलं सगळं तेच करतात. जा, बसा त्यांच्यापुढं."

आजी गेली. साहेबांच्या समोरची खुर्ची ओढून बसली, पदर नीट केला, दोन्ही हातांनी त्यांची शाल घट्ट धरली आणि आ केला.