घडीचा पाळणा

माझ्या धाकट्या जावेचा संसार दौंडला एका खोलीत आहे. पलंग, कपाट, गॅसची शेगडी, आणि पाहुणे आले की दिरानं बाहेर जिन्यात बसायचं. तिला दिवस गेले तेव्हा तिनं मला शिरूरला फोन केला. "ताई, पाळणा टांगायला हूक न्हाई आन् बाळाचे लंगोट बदलायला जागा न्हाई. तुमीच कायतरी काढा."

काढणं हाच माझा धंदा. शिरूरच्या एका फर्निचरच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते. कंपन्यांमधल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांसाठी भिंतीत मिटणारे पलंग, भिंतीत मिटणारी टेबलं. माणसं मिटत नाहीत म्हणून, नाहीतर आमच्या मालकानं त्यांचीही सोय केली असती.

मी लगेच हो म्हणाले, त्याला कारण होतं. माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर सासरी कुणी आपलं मूल माझ्या हातात देईना. रडणारं पोर उचलायला मी पुढं झाले की त्याच्या आईला नेमकी त्याची भूक आठवायची. मला जावेचं बाळ मांडीवर घ्यायचं होतं, बाकी काही नको होतं. पाळणाच आपण केला तर कोण कशाला नाही म्हणेल, असा माझा हिशेब. किती बावळट असावं माणसानं!

पाळणा मात्र मी झकास काढला. मिटलेला असला की भिंतीवरचं उथळ कपाट वाटायचं. वरची फळी खाली ओढली की कमरेच्या उंचीला कपडे बदलायचा ओटा, बाळंतिणीला वाकायला नको. बाळ घरंगळू नये म्हणून ओट्याला तिन्ही बाजूंनी काठ, खाली लंगोटांचे कप्पे, आणि खालचा भाग पुढं ओढला की पाळणा. काम झालं की सगळं परत भिंतीत. मालक प्रत्येक वस्तूला इंग्रजी नाव चिकटवतो. मी म्हटलं, हे घरचं आहे, मराठीत असू दे. मिटणाऱ्या खुर्चीला आपण घडीची खुर्ची म्हणतोच. म्हणून मी दर्शनी फळीवर लाल अक्षरं कापून लावली : घडीचा पाळणा.

डोहाळजेवणाच्या दिवशी तो तिच्या भिंतीवर लागला. केंदूरहून सासूबाई आल्या होत्या, आम्ही सुना त्यांना आत्या म्हणतो. त्या एकदा पंचायतीत निवडून आल्या, तेव्हापासून दिसेल ती पाटी त्यांना मोठ्यानं वाचायची असते. ओटी भरायला मला बोलावलंच नव्हतं, म्हणून मी पाळण्याजवळच उभी होते.

"घ, डी, चा. घडीचा पाळणा," त्यांनी वाचलं. "घडीचा? म्हंजी घडीभराचाच?"

"घडी घालायचा, आत्या. मिटतो तो."

"मिटतो म्हणती. ऐका." बायकांच्या हातातल्या ताटल्या थांबल्या. "हिचं टिकलं न्हाई, आन् आता दुसरीच्या भिंतीला घडीचा पाळणा आणून लावलाय."

हिरव्या साडीतली जाऊ मान खाली घालून बसली. माझा नवरा दारात उभा राहून मठ्ठा मागत होता.

मला वाटलं, आता पाळणा भिंतीवरून निघणार. कसला निघतोय. एवढी सोय कोण सोडतं! घरच्यांनी फक्त अक्षरं सुरीनं खरवडली. बाळंतपण आणि बारसं जावेच्या माहेरी झालं. नवरा म्हणाला, "तू नको येऊस, उगा वाद." येताना त्यानं माझ्यासाठी पिशवीत बारशाच्या घुगऱ्या आणल्या. त्या मी गल्लीतल्या गाईला घातल्या.

जाऊ दौंडला परत आली आणि काही दिवसांनी तिचा फोन आला. फळी वर जाईना, तेवढं बघून जा. मी सुट्टी टाकली, झबलं घेतलं आणि पहिली एसटी धरली. खोलीत ओटा उघडा पडला होता, त्यावर ओला लंगोट होता. बाळ नव्हतं.

"कुठंय?"

"शेजारच्या काकूंकडं. झोपलंय."

झोपलेलं बाळ भिंतीपलीकडं रडत होतं.

मी बिजागरीत अडकलेली पावडर काढली, तेल सोडलं, फळी दोनदा वरखाली केली. जाऊ दारातच उभी. "झालं का, ताई? त्याला भूक लागली आसंल."

"मग आण की इकडं."

"आत्या म्हणाल्यात, तुमचा हात नको लागाया."

मला तिचा संताप आला. सासूचा कधी आला नव्हता इतका. "रोज तू त्याला ज्या फळीवर उघडं ठेवतेस ना, तिच्या कडा मी माझ्या हातानं घासल्यात. खरखरीत राहू नयेत म्हणून गालावर फिरवून बघितल्यात. माझा हात लागायचा तो कधीच लागलाय." हे मी तिला लागावं म्हणून बोलले. तिचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं.

 शेगडीजवळचं फडकं तिनं नळाखाली भिजवलं आणि माझ्यादेखत फळी पुसायला घेतली. आधी मधला भाग, मग कडा, मग काठ. मी झबलं पलंगावर ठेवलं, चपला घातल्या. जिन्याच्या वळणावरून मागं बघितलं, तर ती अजून पुसतच होती, आणि बाळ पलीकडं तसंच रडत होतं.