निळा टाका

सकाळचं ऊन दुकानाच्या दारात आलं की आक्का काचेची नळी उन्हात धरायच्या. एक डोळा बारीक, मान जराशी तिरपी. गिऱ्हाइकाच्या खणाला दोरा जुळतो का ते बघायच्या ना, अगदी तशाच. मग नळी खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हिरवा. चला, चालतंय." आणि दोऱ्याच्या डब्यातून हिरवं रीळ काढायच्या.

त्या नळीत काय असतं हे मला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं. मला वाटलं, कापड रंगवायचा काही प्रकार असेल. तुम्ही हसाल, पण मी वास घ्यायला नाक पुढं केलं होतं. आक्कांनी नळी मागं ओढली. "ए बाई, अत्तर न्हाई ते. माझी लघवी हाये."

जाफराबादला एस.टी. स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं शिवणाचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. एक पायडलची मशीन, एक स्टूल, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि खाली चिंध्यांचं गाठोडं. मी नवी नवी लग्न होऊन आलेली, चौथी शिकलेली. काज-बटण करायला त्यांच्याकडं जाऊ लागले. सासूबाईंनी जाऊ दिलं, कारण आदल्या वर्षीच्या दुष्काळानं आमच्याही घरातली नाकं जरा खाली आली होती.

त्या दुष्काळात आक्कांचं दुकान बंद पडलेलं. खायलाच नाही तर झंपर कोण शिवणार? मग त्या खडी फोडायला गेल्या. दिवसभर हातोडा, आणि टोपली उचलताना एक दिवस कमरेत असं काही सरकलं की ते पुन्हा जागेवर आलंच नाही. त्यातच तहान लागायची, माठच्या माठ पाणी प्यायच्या, अंग झडत चाललेलं. सगळे म्हणाले, कामानं. त्याही म्हणाल्या, कामानं. शेवटी चक्कर येऊन पडल्या तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही साखरेची बिमारी आहे, आणि ती आता सोबतच राहणार.

"दोघी एकदमच मुक्कामाला आल्या बघ," आक्का मला सांगायच्या. "कमर लई बोलती. साखर काहीच बोलत न्हाई. बोलणारीचं भ्या न्हाई मला. मुकीवर लक्ष ठिवावं लागतं."

मशीनवर बसल्या बसल्या कळ आली की चेहरा आवळला जायचा. मी उठायला लागले की हातानंच खाली बसवायच्या. "बोलू दे तिला. आपण टाका घालू." दिवसातून दहा वेळा तरी हे वाक्य ऐकलं असेल मी.

पण नुसतं वाक्य नव्हतं ते, त्यामागं हिशेबी वागणं होतं. एक झंपर झाला की फरशीवर पाठ टेकायची, पाय स्टुलावर. दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी तसंच पडून बोलायच्या, माप विचारायच्या, दर सांगायच्या. सकाळी स्टँडपर्यंत चालून यायचं. भाकरी ज्वारीची, भाजी दुप्पट. कमरेला शेक घ्यायचा तो तापलेल्या विटेचा, आणि ती वीट आधी माझ्या हाताला लावून बघायच्या, कारण स्वतःच्या अंगाला ऊन-थंड नीट कळेनासं झालं होतं. पायांना तर फारच. तळव्याखाली बटण आलं तरी पत्ता नसायचा.

आता त्या नळीचं सांगते. आजच्यासारखी बोटाला टोचायची यंत्रं तेव्हा घरोघर नव्हती. डॉक्टरांनी निळ्या औषधाची बाटली दिली होती. नळीत थोडं औषध, त्यात आठ थेंब लघवी, खाली स्पिरिटचा दिवा. उकळलं की रंग बदलायचा. निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी, पिवळा म्हणजे जास्त, नारिंगी त्याहून जास्त, आणि विटकरी झाला तर तीन दिवसांत जालन्याची गाडी धरायची. रोज वहीत लिहा, असं डॉक्टर म्हणाले. आक्कांना आकडे यायचे, मापापुरते. लिहिणं जमायचं नाही. म्हणून त्यांनी मांजरपाटाची एक लांब पट्टी घेतली आणि रोज त्यावर नळीच्या रंगाचा एक टाका घातला. आणि ज्या दिवशी कमरेनं मशीनवर बसूच दिलं नाही, त्या दिवसाच्या टाक्याखाली काळ्या दोऱ्याची एक गाठ.

डॉक्टरांनी पहिल्यांदा ती पट्टी पाहिली तेव्हा म्हणे चष्मा काढून पाहिली.

वाकायला येत नसल्यानं आक्कांना स्वतःचे तळवे दिसायचे नाहीत. ते काम माझं. घरी निघायच्या आधी मी त्यांचे पाय मांडीवर घ्यायचे, धुवायचे, बोटांच्या बेचक्या फाकवून बघायचे, चीर आहे का, फोड आहे का. "बेचक्या कोरड्या कर बराबर," हे ठरलेलं. पहिल्यांदा सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, तिचे पाय तू धरतेस? मी म्हटलं, धरते. त्यांनी सूप पुढं ओढलं. पण पुढच्या महिन्यात आक्का आमच्याकडं माप घ्यायला आल्या, तर सासूबाईंनी घरातल्या कपबशीत चहा दिला. याआधी आक्कांना आमच्या दारात नुसतं पाणी मिळायचं, तेही वरून ओतलेलं.

आक्कांनी कप बघितला. सासूबाईंकडं बघितलं. म्हणाल्या, "काकू, पहिले कपच न्हवता. आता कप हाये तर मला साखर चालत न्हाई."

सासूबाई अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. उठल्या, आणि बिनसाखरेचा करून आणला.

असं सगळं सुरळीत चाललेलं मी बिघडवलं. हो, मीच.

दुसऱ्या वर्षी माझ्या घरात पाळणा हलला, पाऊस बरा झाला आणि उन्हाळ्यात लग्नसराई अशी उसळली की दुष्काळात थांबलेली सगळी लग्नं एकदमच निघाली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि नेमकं आक्कांची कमर चढलेली. पट्टीवर काळ्या गाठी एकापुढं एक. मला त्यांचं तोंड बघवेना. आठवडी बाजारात लिंबाखाली एक माणूस बसायचा, दुखण्यावर पुड्या द्यायचा. आमच्या शेजारणीची गुडघेदुखी त्यानं पळवली होती. मी त्याच्याकडून पंधरा पुड्या आणल्या आणि आक्कांना म्हटलं, झाडपाला आहे.

त्यानं मला तसं सांगितलं होतं. मी खोदून विचारलं नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी आक्का वाकून खालची कात्री उचलत होत्या. मी बघतच राहिले. त्या सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या. "अगं, कमर गप झाली," म्हणाल्या, आणि दिवसभर मशीन थांबली नाही. मला म्हणाल्या, "आता पायबी माझे मी बघते. तू जा जल्दी, लेकरू वाट बघून राह्यलं असंल." मी आनंदानं गेले. पुड्या संपल्या तशा आणखी आणल्या.

टाके मात्र नारिंगी व्हायला लागले, मग विटकरी. आक्का रोज इमानानं विटकरी टाका घालायच्या आणि पट्टी गुंडाळून ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, लग्नाघरचं खाणं झालं असंल, एवढी सराई सरू दे. तीन दिवसांची गोष्ट त्यांना पाठ होती. पण दोन वर्षांनी पहिल्यांदा न दुखणारी पाठ मिळाली होती हो. तुम्ही-आम्ही काय केलं असतं?

एक दिवस पायडल पुसायला मी खाली बसले. लोखंडी जाळीवर काहीतरी वाळलेलं, चिकट. कुंकू सांडलं असेल म्हणून फडकं फिरवलं, तर वास आला. आक्कांचा उजवा पाय उचलून बघितला. अंगठ्याखाली जाळीनं घासून घासून जखम झालेली, रुपयाएवढी, आतून पिवळी. त्या वरती झंपराला बाही जोडत होत्या. त्यांना काही माहीत नव्हतं.

आक्कांनी मशीन थांबवली. माझ्या तोंडाकडं बघून काय ते ओळखलं. ओरडल्या नाहीत. पट्टी काढून मांडीवर पसरली आणि बोटानं एकेक टाका मोजत मागं गेल्या. एका जागी बोट थांबलं. त्याच्या आधी सगळ्या काळ्या गाठी आणि वर हिरवे-पिवळे टाके. त्याच्या नंतर एकही गाठ नाही, आणि वर रंग चढत चढत विटकरी.

"बाजाराचा दिवस हा," म्हणाल्या. "पुडीचा."

मला रडू आलं. म्हटलं, आक्का, मी आणलं हे.

"तू आणलं, मी गिळलं. आता गाडी किती वाजता हाये ते बघ."

जालन्याच्या डॉक्टरांनी आधी पट्टी पाहिली, मग पुडी हुंगली, मग जखम पाहिली. म्हणाले, यात दुखणं मारणारं जालीम औषध घातलेलं असणार, त्यानंच साखर चढली. पुडी एकदम तोडायचीही नाही, माझ्या गोळीवर घेऊन कमी कमी करत सोडवू. साखरेसाठी आता रोज सुई. आणि पंधरा दिवसांत जखम भरायला लागली नाही तर अंगठा काढावा लागेल, कदाचित वरपर्यंत जावं लागेल.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मी दोन पायांवर आले, दोन पायांवरच जाणार. अंगठ्याशिवाय पायडल कोण मारंल? तुम्ही काय करायचं ते सांगा, मी बराबर करते."

त्यांनी केलं. इंजेक्शनची बाटली फडक्यात गुंडाळून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवली. सुई उकळून स्वतः टोचून घ्यायच्या. "आयुष्यभर कापडात घातली, आता मांडीत घालायची. तेवढाच फरक." पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. पण लग्नाचे कपडे अंगावर येऊन पडलेले. मग आम्ही एका मशीनवर दोघी बसलो. त्या बाजूला स्टुलावर, उजवा पाय उशीवर, हातांनी कापड सरकवायच्या. पायडल मी मारायचे. माझ्या पायाला ताल नव्हता. कधी मशीन उलटी फिरे, दोरा तुटे, कधी मी अशी सुसाट सुटे की आक्कांची बोटं सुईखाली जाता जाता वाचत. "हळू, बाई. ही एस.टी. न्हाई." एका नवरीच्या पोलक्याची शिवण नागमोडी गेली, तर आक्कांनी तिच्यावरून लेस लावली. गावात त्या वर्षी तशा लेशीची फॅशन निघाली, ती अशी.

पण पुडीचा असर उतरला तशी कमर परत आली, आणि व्याजासकट आली. गाठीमागून गाठ. एक दुपार अशी होती की आक्का फरशीवर एका कुशीला वळलेल्या, दात हाताच्या पंज्यात. बटणांच्या डब्यात एक पुडी उरली होती, हे दोघींनाही माहीत होतं. मी डबा उघडला. म्हटलं, आक्का, एकच घ्या. एका पुडीनं काय होतंय?

त्या बराच वेळ डब्याकडं बघत होत्या. खोटं कशाला सांगू, त्यांनी हात पुढं केला होता. पुडी तळहातावर घेतली. मग उशीवरच्या पायाकडं बघितलं.

"मागच्या खेपेला ही गप बसली म्हणून मला पायाचं ध्यान ऱ्हायलं न्हाई," म्हणाल्या. "बोलू दे तिला. टाक चुलीत."

मी टाकली. मग वीट तापवली, हाताला लावून बघितली, आणि त्यांच्या कमरेला धरून बसले. दिवस मावळेपर्यंत ती चार वेळा तापवली.

तेराव्या दिवशी जखमेच्या कडेला गुलाबी कातडी दिसली. मी आधी पाहिली, मग त्यांना आरसा धरून दाखवली. त्या दिवशी नळी निळी होती. पट्टीवर निळा टाका, खाली काळी गाठ. आक्कांनी अंगठ्यानं दोन्ही एकदमच चाचपले आणि म्हणाल्या, "असंच पाहिजे. दोघी आपापल्या जागी."

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं त्यांनी मशीन चालवली. कमर शेवटपर्यंत बोलत राहिली. गेल्या त्या साखरेनं नाही, कमरेनंही नाही. थंडीत ताप छातीत उतरला आणि चार दिवसांत आटोपलं.

केदारखेड्याला दिलेली आक्कांची लेक आली. अंगावर घालायला पांढरं पातळ काढलं, बायका पाणी घालायला जमल्या. मी पायांशी बसले. मला कुणी सांगितलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. सासूबाई तांब्यानं पाणी ओतत होत्या. उजव्या अंगठ्याखाली मसुरीएवढा वण होता, बाकी दोन्ही तळवे लहान मुलाच्या पायासारखे स्वच्छ. मी बोटं फाकवून बघितली, एकेक करून, दहाही. मग पदर घेऊन बेचक्या पुसायला लागले.

लेक म्हणाली, "वहिनी, आता कशाला?"

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे, कोरड्या करू दे बराबर."