हिराजीकाका बसत नसत

हिराजीकाका आमच्या ऑफिसात कधी बसले नाहीत. उल्हासनगरात मी एका कर सल्लागारांकडे टायपिंग करायचे. काका पालेगावहून यायचे आणि दारातच उभे राहायचे. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "बसाया नाय आलो, बाय." मग एक पाय चपलेतून काढायचे, पुन्हा घालायचे. त्यांच्या चुळबुळीने माझ्या टायपिंगमध्ये चुका व्हायच्या.

ते कारखान्यातून निवृत्त झाले होते. पगारातून साठवून घेतलेला रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा त्यांना मुलीच्या, सुगंधाच्या, नावावर करायचा होता. ती कुळगावात दिलेली. घरातल्या दोन मुलग्यांना याचा पत्ता नव्हता.

आमचे साहेब सिंधी. त्यांनी पुन्हा पुन्हा समजावलं, की जिवंतपणी बक्षीसपत्र केलं तर स्टॅम्प ड्युटी लागेल, वर देणाऱ्याला बक्षीस कर, जो तेव्हा असायचा. मृत्युपत्राला यातलं काहीच नाही. "चाचा, वसीयत करो. फुकट में हो जाएगा." काका मान हलवून जायचे आणि आठवड्याने परत दारात. पालेगावात बिल्डिंगी उठत होत्या. जमिनीचा भाव चढला की करही चढणार, या धास्तीने त्यांना चैन नव्हती.

एकदा साहेब बाहेर गेले होते. तुमच्यात बहिणी भावांना हक्कसोडीची सही देतात का, असं काकांनी मला विचारलं. माझ्या आईने मामांना दिली होती.

"माझ्या बहिणीनं दिली," ते म्हणाले. "मीच पाटावर बसवली, साडी दिली न् कागद पुढं केला. तिनं वाचलापन नाय. मी मेल्यावर माझे पोर तेच करतील. सुगंधा हसत सही करील. मंग फुकटचा कागद काय कामाचा?"

साहेबांना हे सांगितलं. त्यांनी बक्षीसपत्राचा नमुना माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "टाइप करो."

काकांनी फंडातून स्टॅम्प भरला, कर भरला. मुलगे बोलेनासे झाले. सात-बारावर सुगंधाचं नाव चढेपर्यंत तलाठ्याकडे काकांच्या खेपा चालूच होत्या. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते गेले.

हिवाळ्यात सुगंधाताई वालाच्या शेंगा घेऊन आल्या. बाराव्यानंतर भावांनी पाट मांडला, साडी ठेवली, असं त्यांनी सांगितलं. घरावरच्या हक्कसोडीची सही ताईंनी दिली. मग भावांनी त्या तुकड्याचीही मागितली.

"मी म्हनलं, दादा, यो माझा हाय. तुला बक्षीस द्याचा तर परत स्टॅम्प, परत कर. तू भरतोस का?"

"फिर?" साहेबांनी विचारलं.

"साडी नेसून घरी आले."

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या, पाठ टेकून, आणि चहा मागितला.