कपाटातली टीसी

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजातले प्राध्यापक वर्गात सापडत नाहीत. ते वाड्या-वस्त्यांवर असतात, पोरं गोळा करत. धारूरचा घाट उतरून खाली आलं की जी गावं लागतात, त्यातल्या एका गावात आमचं कॉलेज आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच शिकवते. तासिका तत्त्वावर, चौदा वर्षं झाली. एम.ए. राज्यशास्त्रात केलं आणि हौस म्हणून नाट्यशास्त्राची पदविका घेतली. ती हौस मला चांगलीच भोवली. बी.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंधही मीच शिकवते आणि अभिनयही मीच. दहाला सुरक्षा परिषद, अकराला नवरस, मध्ये पाणी प्यायला पाच मिनिटं.

नाट्यशास्त्राला वीस विद्यार्थी लागतात. एकोणीस झाले की विषय बंद, आणि विषय बंद झाला की मी घरी. राज्यशास्त्राचे माझे तास उचलायला कायम नोकरीतले एक सर टपूनच बसलेले असतात. म्हणून जून उजाडला की मी स्कूटी काढते, डिकीत रेक्झिनची पिशवी टाकते आणि हिंडते. विद्यार्थी आपल्याला मिळाला याचा पुरावा म्हणजे त्याची शाळा सोडल्याची मूळ टीसी. ती हातात आली की पोरगं आपलं. मात्र ती ऑफिसात लगेच जमा करायची नाही, हे मी तिसऱ्या वर्षी शिकले, कारण इतिहासाचे सर ती तिथून काढून आपल्या यादीत लावून मोकळे होतात. तेव्हा ज्यानं विद्यार्थी आणला त्यानं विद्यापीठाला यादी जाईपर्यंत टीसी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायची. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण आम्ही सगळे तो निष्ठेनं पाळतो.

माझं कपाट नाटकाच्या सामानाचं. पुठ्ठ्याचा मुकुट, दोन दाढ्या, एक गदा, रंग वाळून गेलेल्या डब्या. दार खालून घासतं, गुडघा मारल्याशिवाय उघडत नाही. मुकुट नेमका फायलीच्या पुढं असतो आणि तो ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणून तो काखेत धरायचा आणि मग फाईल ओढायची. चौदा वर्षांत मी हे इतक्या वेळा केलंय की आपण काय करतो याकडं माझं लक्षही नसतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीस टीसी झाल्या होत्या आणि विसावी मिळता मिळत नव्हती. कुणीतरी सांगितलं, पलीकडच्या वस्तीवर एक पोरगी आहे, बारावी पास, घरीच बसलेली. मी गेले तेव्हा तिची आई चुलीपुढं कालवणाला फोडणी घालत होती. आई-बाप दोघं ऊसतोडीला जाणारे, दिवाळीनंतर जायचे ते थेट उन्हाळ्यात परत यायचे. पोरगी तेवढे महिने आत्याकडं राहायची. मी नाटकाचा विषय काढल्यावर आई हसली.

"हिला सोंगं लई येतात," ती म्हणाली. "दाखव गं मॅडमला, त्यो कंडाक्टर."

पोरगी लाजली नाही. उठून उभी राहिली आणि तिनं माजलगाव गाडीचा कंडक्टर केला. तोंडातून शब्द नाही. फक्त एक खांदा दांड्याला टेकलेला, बोटं पिशवीत चिल्लर चाळवताहेत, आणि नजर मागच्या सीटवरच्या फुकट्यावर. मला तो कंडक्टर ओळखू आला. मी त्याच गाडीनं येत असे, स्कूटी घ्यायच्या आधी.

"कोयता हिच्या हातात नगं, मॅडम," आई म्हणाली, आणि डब्यातून टीसी काढून माझ्यापुढं धरली. हात पुसायचे राहिले होते. कागदाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलं. मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे. असं मी प्रत्येक घरी म्हणते.

त्या पोरीला शिकवणं हा मला मिळालेला पहिला खरा आनंद होता, हे कबूल करते. बाकीच्या एकोणीस जणांनी विषय घ्यायचा म्हणून घेतलेला. त्यातले सहा-सात वर्गात येत. ही पहिल्या बाकावर बसायची आणि राज्यशास्त्राच्या तासालाही प्रश्न विचारायची. आमच्या भिंतीवर जगाचा जो नकाशा आहे त्यात सोव्हिएत संघ अजून सुखरूप आहे.

"मॅडम, ह्यो देश आता न्हाई म्हनता, मग भितीवर कावून हाय?"

"नवा नकाशा कुणी आणला नाही म्हणून," मी म्हटलं. वर्ग हसला. मीही हसले.

जुलैच्या मध्यावर मीच तिला सांगितलं की शहरातल्या नाट्यविभागात पदवीसाठी चाचणी असते, जाऊन बघ, अनुभव येईल. अनुभवापलीकडं काही होईल असं मला वाटलं नव्हतं. तिनं कंडक्टर केला आणि तिची निवड झाली. वसतिगृहातही नाव लागलं. महिनाअखेरपर्यंत मूळ टीसी घेऊन हजर राहायचं होतं. ती निकालाचा कागद घेऊन धावत माझ्याकडं आली तेव्हा मला आधी अभिमान वाटला, आणि पाण्याचा घोट गिळायला लागतो तेवढ्या वेळात मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. आमची यादीही महिनाअखेरलाच जाणार होती.

मी प्राचार्यांकडं गेले. ते चहा पीत होते.

"तुमचाच विषय, तुमचंच कपाट, मॅडम," ते म्हणाले. "मी काय सांगणार? यादी जाईपर्यंत थांबवता आलं तर बघा."

"सर, यादी गेली की तिची तारीखही जाईल."

"मग तुम्ही ठरवा," ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली. आदेश दिला असता तर मी निदान त्यांच्यावर चिडले असते. त्यांनी तेवढंही सुख दिलं नाही.

मी एकविसावा विद्यार्थी शोधायला तीन दिवस फिरले. खरंच फिरले. कुणी सापडलं नाही. चाळिशी उलटली होती. दुसरीकडं अर्ज करायचं वय कधीच मागं पडलं होतं. घरी बसून काय करायचं, हा विचार आला की मी कपाटाच्या खोलीत येरझारा घालायचे. आणि त्याच खोलीच्या दारात ती रोज येऊन उभी राहायची.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, टीसी ऑफिसात गेली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, क्लार्क रजेवर आहे. ती प्राचार्यांना भेटून आली; त्यांनी तिला "मॅडमना विचार" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिनं सरळ विचारलं, "मॅडम, तुमच्या कपाटात आसंल का? बघता का जरा?"

मी बघितलं. तिच्यासमोर कपाट उघडलं, फाईल काढली, एकेक कागद उलटला. हळदीचं बोट असलेला कागद आला. मी तो उलटला आणि पुढं गेले. मग फाईल बंद केली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "उद्या ये." त्यानंतर ती दोनदा आली. दोन्ही वेळा मी उद्याच म्हटलं. मग महिना संपला.

ती रडली नाही, भांडली नाही. एक तारखेला पहिल्या बाकावर येऊन बसली आणि हजेरीला "हजर" म्हणाली. तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. बाकीच्या एकोणीस टीसी मी ऑफिसात जमा केल्या. तिची केली नाही. कुणी विचारलंही नाही. यादीत वीस नावं होती, तेवढ्यावर भागलं. ती का ठेवून घेतली, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, ऑफिसच्या गठ्ठ्यात टाकली असती तर गोष्ट संपली असती, आणि ती संपवायची माझी हिंमत नव्हती.

दिवाळीनंतर तिचे आई-बाप कारखान्याच्या गाडीत बसून गेले. वर्गातले अर्धे चेहरेही गेले. मी निर्वासितांचं प्रकरण शिकवायला घेतलं. "ज्याचे कागद दुसऱ्याच्या हातात, तो कुठंच जाऊ शकत नाही," असं बोलता बोलता वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मी खडू खाली ठेवला. तिनं मान खाली घालून ते वाक्य वहीत नीट उतरवून घेतलं. मी तास लवकर सोडला. मला स्वतःची किळस आली होती.

उन्हाळ्यात प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरून एक परीक्षक आले होते, वयस्कर, शांत गृहस्थ. अंतर्गत परीक्षक मी. त्यांनी सगळ्यांना एकच काम दिलं: आयुष्यात पाहिलेला एक माणूस करून दाखवायचा, न बोलता. कुणी न्हावी केला, कुणी तलाठी. तिची पाळी आली. मला वाटलं, कंडक्टर करणार.

ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, पर्स चाचपून चावी काढली, कुलूप उघडलं आणि दाराला गुडघा मारला. मागच्या बाकावरची दोन पोरं एकदम खाली बघायला लागली. तिनं आतून काहीतरी काढून काखेत धरलं. मग फाईल ओढली, अंगठा जिभेला लावला आणि कागद उलटायला लागली. अंगठा जिभेला लावते मी, हे मला माहीत नव्हतं. एका कागदाशी तिचा हात थांबला. तिनं तो डोळ्यांनी वाचला, दोन बोटांनी त्याचा कोपरा सरळ केला, आणि उलटला. फाईल मिटली. मान हलवली. समोर नसलेल्या कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवला.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. ती समोर नसलेली मुलगी निघून जाईपर्यंत तिनं वाट पाहिली. मग कपाटाचं दार लावलं, काखेतली वस्तू तशीच काखेत, आणि बंद दारावर कपाळ टेकवून उभी राहिली. कितीतरी वेळ. त्या बाईची पाठ बघवत नव्हती.

मी तसं केलं होतं हे मला आठवतही नव्हतं. ती दारातून परत वळून बघत राहिली असणार.

"कोण ही?" परीक्षकांनी विचारलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"पाह्यलीय एक बाई, सर," ती म्हणाली. "लांबची हाय."

परीक्षकांनी मला विचारलं, किती गुण द्यायचे. मी म्हटलं, जेवढे देता येतात तेवढे. मला कागदावरचा रकाना नीट दिसत नव्हता.

सगळे गेल्यावर ती थांबली. "मॅडम, टीसी कपाटातच हाय, मला ठाव हाय," ती म्हणाली. "औंदा परत चाचनी देते मी. पहिल्या वर्षापासून बसंन."

"एक वर्ष गेलं गं तुझं," मी म्हटलं. "माझ्यामुळं."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. नाही म्हणाली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

मी पर्समधून चावी काढली. दाराला गुडघा मारला आणि क्षणभर थांबले, कारण आता माझी प्रत्येक हालचाल मला दिसत होती. मुकुट काखेत घेतला. "आना इकडं," म्हणत तिनं तो माझ्याकडून काढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मी अंगठा जिभेला न लावता फाईल उघडली. आत एकच कागद होता. हळदीचं बोट फिकं झालं होतं. मी तो तिच्या हातात दिला, तिनं मुकुट माझ्या हातात दिला, वाकून पाया पडली आणि गेली. पाया पडायला नको होतं.

पुढच्या वर्षीच्या यादीत एकोणीस उरले. जून यायला दोन महिने होते. स्कूटी दुरुस्त करून घ्यायला हवी होती, असं काहीतरी मी मनात घोकत राहिले. मुकुट जागेवर ठेवला, दार लावलं. कपाळ टेकण्याआधी मागं वळून बघितलं, दारात कुणी आहे का ते. कुणी नव्हतं.